न सांगितलेली जवारी

इनाया शिकलगारच्या निबंधाचा अहवाल मंगळवारी मधल्या सुट्टीत आला आणि सुनेत्रा आवटींनी तो उभ्या उभ्याच वाचला. हातातला चहा गार झाला. विषय, तंबोऱ्याची जवारी. शब्द, चार हजार. स्वत्वांक, म्हणजे निबंध किती स्वतःचा त्याचा आकडा, तेवीस. पास व्हायला चाळीस लागत, आणि आवटी मॅडमच्या हाताखालून गेलेल्या एकाही मुलाला आजवर बावन्नच्या खाली मिळाले नव्हते.

कृष्णाकाठ विद्यानिकेतनात आंतरराष्ट्रीय पदविकेचा वर्ग सुरू होऊन अकरा वर्षं झाली होती. अकरावी-बारावीची दोन वर्षं, सहा विषय, तेही सहा दिशांचे. म्हणजे भौतिकशास्त्रवाल्याला नाटक वाचावंच लागे आणि अर्थशास्त्रवालीला प्रयोगशाळेत हात काळे करावेच लागत. शिवाय ‘आपल्याला जे कळतं ते कसं कळतं’ असा एक आगाऊ विषय, गावासाठी काहीतरी काम, आणि या सगळ्याच्या वर दीर्घ निबंध. प्रश्न मुलानंच शोधायचा, उत्तरही त्यानंच. बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी मिळवले आणि निबंध बुडाला, तर पदविकाही बुडाली. मिरज हे डॉक्टरांचं गाव, त्यामुळे वर्गात डॉक्टरांचीच मुलं जास्त. सतारी-तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीतून आलेली इनाया ही पहिलीच.

निबंध मुलानं लिहिला की यंत्राकडून लिहवून घेतला हे कागद बघून ओळखणं केव्हाच अशक्य होऊन बसलं होतं. म्हणून २०४० सालापासून बोर्डानं कागदाकडे बघणं सोडलं आणि डोक्याकडे बघायला सुरुवात केली. त्यासाठी कपाळाभोवती एक रबरी पट्टी बांधायची, तिचं नाव ‘मागोवा’.

तत्त्व तसं साधं होतं. ओळखीची गोष्ट समोर आली की सेकंदाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात मेंदूच्या मागच्या भागात एक ठरावीक लहर उठते. चेहरा असो, चाल असो, कुणाकडून ऐकलेलं वाक्य असो, लहर तीच. ती लपवता येत नाही, कारण आपण ओळखलं हे आपल्याला कळेकळेपर्यंत ती उठून गेलेलीही असते. उलट एखादी गोष्ट प्रथमच उमगते तेव्हा उजव्या कानाच्या वर अगदी आखूड, वेगवान लहरींचा झटका येतो. हे दोन्ही शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होतं. नवं इतकंच, की आता ते शाळेच्या अभ्यासिकेत बसून मोजता येत होतं. मूल लिहीत असताना पट्टी प्रत्येक वाक्याला रंग देई. आठवलेल्याला निळा, उमगलेल्याला केशरी. निळ्याला बंदी नव्हती, पण ते कुठून आलं याचा संदर्भ खाली हवा. आणि निबंधाचं मुख्य विधान मात्र केशरीच हवं.

इनायाचं मुख्य विधान निळं होतं. नुसतं निळं नाही, तर माणसाला त्याचं स्वतःचं नाव दाखवल्यावर जितका गडद निळा उमटतो तितकं. आणि खाली संदर्भ कुणाचाच नव्हता.

विधान असं होतं. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवरून जाते ती हाडाची घोडी सपाट दिसते, पण सपाट नसते. तिला केसभर उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तिच्या एका सुरातून वरचे कितीतरी सूर फुटतात. त्या गुंजारवाला जवारी म्हणतात. तो उतार कानशीनं घासून काढणारे कारागीर आता मिरजेतही बोटांवर मोजण्याइतके उरले होते. उतार तारेच्या आकाराला जुळवलेला असतो, असं पुस्तकांत लिहिलेलं होतं. इनायानं चौदा घोड्या मोजल्या आणि लिहिलं की तसं नाही. तो तारेच्या विझण्याला जुळवलेला असतो. छेडलेल्या तारेचा झोका क्षणाक्षणाला लहान होतो, तसतशी तिची टेकायची जागा सरकते, आणि चांगल्या जवारीत ती अशा चालीनं सरकते की वरचे सूर एकही पायरी न चुकवता खाली उतरत येतात. कारागीर हाडावर आकार घासत नाही, वेळ घासतो.

सुनेत्राबाईंनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जाऊन आल्या होत्या. तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून त्यांना विद्यार्थ्याचा हेवा वाटला तो त्याच दिवशी. आता अहवालात त्याच वाक्यावर निळा पट्टा होता.

बोर्डाचा नियम सरळ होता. तीन आठवड्यांत मार्गदर्शक शिक्षकानं, म्हणजे सुनेत्राबाईंनी, पुराव्यानिशी लिहून द्यायचं की विधान विद्यार्थिनीचंच आहे, नाहीतर निबंध मागे घ्यायचा. प्राचार्य माणगावे मागे घेण्याच्या बाजूचे होते. एका मुलीपायी शाळेचं नाव संशयितांच्या यादीत गेलं तर पुढच्या प्रत्येक मुलाकडे बोर्ड भिंगातून बघेल, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी इनायाला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. सतरा वर्षांची, किडकिडीत, बोलायच्या आधी दोन क्षण थांबणारी मुलगी. उजव्या हाताच्या अंगठ्याला घट्टा. बाईंनी अहवाल तिच्यासमोर ठेवला आणि गोड बोलून विचारलं, की जवारी तारेच्या विझण्याला जुळवतात हे तुला कोणी सांगितलं?

“कोणीच नाही, मॅडम,” ती म्हणाली. आणि हे म्हणताना तिचा हात आपसूक कानाच्या पाळीला गेला.

मिरजेत जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. गाण्यातला असो की वाद्यातला, उस्तादाचं नाव निघालं की हात कानाला लागतो. नाव मनातल्या मनात घेतलं तरी लागतो. सुनेत्राबाईंच्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे सांगणारा आहे, आणि पोरगी त्याला झाकतेय. त्यांनी तिला समजावून पाहिलं, की नाव सांग, संदर्भ टाकू, मुख्य विधान दुसरं घेऊ, काहीतरी मार्ग निघेल. इनाया मान हलवत राहिली. शेवटी बाईंचा संयम सुटला.

“निदान माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस,” त्या म्हणाल्या.

इनायानं अहवालाची घडी केली, टेबलावर नीट ठेवली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

बाईंनी मग शिक्षकांनी करायचं ते सगळं केलं. जगातले जवारीवरचे झाडून सगळे शोधनिबंध, जुनी पुस्तकं, कारागिरांच्या मुलाखती शोधयंत्रापुढे टाकल्या. ते वाक्य कुठेही नव्हतं, त्याच्या जवळपासचंही काही नव्हतं. चोरी झाली म्हणावं तर घर फोडलेलं सापडेना. रागाची जागा हळूहळू कुतूहलानं घेतली, आणि कुतूहल हा सुनेत्राबाईंचा जुना रोग होता. शनिवारी दुपारी त्या वाद्यांच्या गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या.

दुकान शोधावं लागलं नाही. दारात वाळत घातलेले भोपळे, आत लाकडाच्या भुशाचा वास, आणि मागच्या खोलीत कामाच्या बुटक्या फळीशी बसलेले दस्तगीर शिकलगार, इनायाचे आजोबा. वय चौऱ्याहत्तर. अख्खी गल्ली त्यांना अब्बाजी म्हणे. समोर इनाया, मांडीशी तंबोरा, हातात कानस. बाईंना पाहून तिनं नजर खाली घातली. अब्बाजींनी कोपऱ्यातल्या चटईकडे बोट केलं. बाई बसल्या आणि नमस्कार-चमत्कार करायला तोंड उघडणार, तोच म्हाताऱ्यानं स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

दोन तास त्या खोलीत कुणी एक शब्द बोललं नाही. इनाया हाडावर कानस फिरवी, दोन-तीन हात, मग तार छेडी. तिघंही ती विझेपर्यंत ऐकत. मग अब्बाजी फळीवर टिचकी मारत. एक टिचकी म्हणजे चुकलं. दोन म्हणजे थांब, हात बाजूला घे. कुठे चुकलं, किती चुकलं, काही नाही. ती तार पुन्हा छेडून स्वतःच शोधी. आणि बरोबर आलं तर? बाई त्याची वाट बघत राहिल्या. बऱ्याच वेळानं आवाज असा उमलला की त्यांच्या अंगावर काटा आला, आणि अब्बाजींनी काहीही केलं नाही. डोळे मिटून ऐकलं आणि स्वतःच्या कामाला लागले. बरोबरला टिचकी नव्हती.

बाहेर पायरीवर इनाया त्यांच्याशेजारी येऊन बसली.

“तुम्ही विचारलंत कोणी सांगितलं,” ती म्हणाली. “इथं कोणी सांगतच नाही, मॅडम. मी नऊ वर्षांची असल्यापासून बसते फळीवर. पहिल्या वर्षी मला वाटायचं, फळीवर बसलं की अब्बाजी मुके होतात.”

मग तिनं बाकीचंही सांगितलं. फळीवर बोलायचं नाही हा घराचा रिवाज. तोंड चाललं की कान बंद होतो म्हणून. आणि घरची जवारी घराबाहेर बोलायची नाही, उस्तादाचं नाव तर कागदावर कधीच आणायचं नाही. कागदावरचं नाव चोरांना वाट दाखवतं, असं जुने लोक मानत. म्हणून तिनं निबंधात फक्त ‘मिरजेतील एका कारखान्यातील चौदा घोड्या’ एवढंच लिहिलं होतं. ते वाक्य तिला कधी सुचलं, हे तिला आठवत नव्हतं. एकदम सुचलंच नव्हतं. वर्गात विझणाऱ्या लंबकाचा धडा झाला तेव्हा थोडं आलं, घोड्या मोजताना थोडं, बरंचसं हातातून. लिहायला बसली तेव्हा ते आधीच येऊन बसलेलं होतं.

सुनेत्राबाईंना स्वतःची लाज वाटली. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं त्या वर्गात मुलांना म्हणत. इथे त्यांनी स्वतः तेच केलं होतं. त्या तिथल्या तिथे म्हणाल्या, की माझं चुकलं. इनायानं मान डोलावली. माफी पूर्ण मिळाली नव्हती, पण दार उघडलं होतं.

प्रश्न मात्र तसाच होता, आणि आता तो बाईंना जास्तच छळू लागला. निळा रंग खोटा नसतो. ते वाक्य इनायाच्या ओळखीचं होतंच. पण कुठून? दोनच शक्यता दिसत होत्या. एक तर ते अब्बाजींच्या डोक्यात साठ वर्षं आहे, आणि न बोलताही कसंतरी नातीकडे आलंय. नाहीतर ते तिच्यातच इतकं हळू घडलं, की तयार झालं तेव्हा जुनं झालेलं होतं. पट्टीला हा फरक कळत नाही. चोरलेलं आणि मुरलेलं, दोन्ही तिच्या लेखी निळंच. फरक कळायचा एकच उपाय होता. ते वाक्य अब्बाजींना ऐकवायचं आणि पट्टी त्यांच्या कपाळाला बांधायची.

यात धोका होता, आणि बाईंनी तो लपवला नाही. अब्बाजींच्या कपाळावर निळा उमटला, तर विधान त्यांचं ठरेल. नोंद बोर्डाकडे आपोआप जाते. मग कुणी काही वाचवू शकणार नाही. प्राचार्य माणगाव्यांनी डोक्याला हात लावला आणि याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, असं सुनावलं. इनायानं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

“निळा आला तर निबंध मागे घ्या,” ती म्हणाली. “जे माझं नाही ते मला माझं म्हणून नको. पण मला कळू दे.”

या एका वाक्यासाठीसुद्धा पदविका द्यायला हरकत नव्हती, असं बाईंना वाटलं. पण पदविका वाटणं त्यांच्या हातात नव्हतं.

अब्बाजींना राजी करायला वेळ लागेल असा बाईंचा अंदाज होता. पण अब्बाजींनी नुसती पट्टी हातात घेतली, उलटीसुलटी केली, कान झाकत नाही ना एवढं पाहिलं.

“साठ वर्षांत डोक्यात काय आहे ते कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले. “आता पट्टी बांधून बघणार. बघा बाई, काही सापडलं तर मलापण सांगा.”

रविवारी सकाळी मागच्या खोलीत प्रयोग झाला. बारा वाक्यं काढली होती. काही कुठल्याही कारागिराला ठाऊक असणारी, काही सपशेल खोटी, आणि सातवं ते. शास्त्राचे शब्द काढून टाकून इनायानं ती घरच्या बोलीत बसवली होती, आणि वाचायचीही तिनंच, कारण अनोळखी आवाजानं नोंद बिघडते. म्हणजे आठ वर्षांत पहिल्यांदा ती फळीवर बसून बोलणार होती. अब्बाजींच्या मांडीशी तंबोरा होता. त्याच्याशिवाय त्या जागी बसायला ते तयार नव्हते.

तारेखालचं सूत जाड झालं की आवाज दबतो. निळा. पावसाळ्यात लावलेली जवारी उन्हाळ्यात बदलते. निळा. घोडी जितकी सपाट तितका आवाज गोड. यावर पट्टीनं काही दाखवायच्या आधीच अब्बाजींनी फळीवर सणसणीत टिचकी मारली, आणि त्या ताणातही बाईंना हसू फुटलं. चौथं, पाचवं, सहावं झालं. इनाया थांबली. ती पाणी प्यायली. बाईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

“अब्बाजी,” ती म्हणाली, “तार छेडली की ती विझत जाते. विझताना तिची टेकायची जागा सरकते. तुम्ही हाडाचा आकार घासत नाही. तिचा विझायचा वेळ घासता.”

निळी लहर उठली नाही. एक सेकंद गेला, दोन गेले. पडदा कोराच राहिला, आणि बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला काही समजलंच नसावं. तेवढ्यात अब्बाजींचा हात तारेवर गेला. त्यांनी ती छेडली आणि मान वाकवून ऐकत राहिले. सूर उमलला, पसरला, एकेक पायरी खाली येऊ लागला. आणि तो पार विझायच्या आत उजव्या कानाच्या वरच्या खुणेशी पडद्यावर केशरी भडकलं. वर्गातल्या हुशार मुलांच्या कपाळावरही बाईंनी इतकं लख्ख केशरी पाहिलं नव्हतं.

अब्बाजींनी डोळे उघडले. त्या फळीवर साठ वर्षं ते कधी बोलले नव्हते.

“परत सांग,” ते म्हणाले.

इनायानं परत सांगितलं. त्यांनी परत तार छेडली. मग दुसरी, मग खर्जाची. प्रत्येक वेळी ती विझेपर्यंत ते बोटानं हवेत काहीतरी उतरवत नेत होते. उरलेली पाच वाक्यं राहूनच गेली. इनाया रडत होती आणि ते तिला बहुधा ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात सुनेत्राबाईंनी बोर्डाला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी आधी स्वतःची चूक कबूल केली, कानाच्या पाळीसकट. मग लिहिलं, की ज्या माणसाकडून हे विधान आलं असण्याची सर्वांत जास्त शक्यता होती, त्याला ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी, विद्यार्थिनीच्या तोंडून, नव्यानं उमगलं. त्याच्या हातात काम होतं, वाक्य नव्हतं. वाक्य तिनं केलं. फक्त ते करायला आठ वर्षं लागली, आणि तुमची पट्टी एका बैठकीत लागलेलं तेवढंच नवं मानते. आपलं असतं ते नेहमी झटक्यानंच येतं, हे तुम्ही गृहीत धरलं आहे. एका म्हाताऱ्यावर केलेला एक प्रयोग म्हणजे सिद्धता नव्हे, विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी स्वतः गुण कापले असते, हेही त्यांनी लिहिलं. खाली सही करताना त्यांचा हात थांबला नाही.

उत्तर एकोणीस दिवसांनी आलं. स्वत्वांक बदलला नव्हता, तेवीसचे तेवीस. पण मार्गदर्शकाचं म्हणणं ग्राह्य धरून निबंध स्वीकारला होता आणि हातानं करायच्या कामांवरच्या आणखी निबंधांची फेरतपासणी सुरू केल्याचंही कळवलं होतं. श्रेणी ब. ‘अ’ थोडक्यात हुकली होती, कारण संदर्भसूचीतली पहिली नोंद नियमात बसत नव्हती. परीक्षकानं शेरा मारला होता, की या स्रोतात उद्धृत करण्याजोगा मजकूर आढळत नाही. प्रत कायमची नोंदवण्यापूर्वी विद्यार्थिनीला हवी असल्यास ही नोंद काढून टाकता येईल, श्रेणी वाढेल.

पहिली नोंद? बाईंना अशी कुठलीच नोंद आठवेना. त्यांनी पत्रासोबत गेलेली निबंधाची सुधारित प्रत उघडली आणि ती नोंद वाचली. प्रत पाठवायच्या आदल्या दिवशी इनायानं ती नोंद कुणालाही न विचारता घातली होती. अब्बाजींनाही.

दोघी मिळून दुकानात गेल्या. अब्बाजी फळीवर होते. इनाया समोर बसली, तिनं दोन्ही हात कानांना लावले आणि कागद उघडला. रिवाज तिनं मोडला होता, नाव कागदावर आणलं होतं, आणि आता ते ठेवायचं की पुसायचं हे तेच ठरवणार होते. एक टिचकी पडली की ती नोंद काढून टाकणार होती. तिनं वाचलं.

“संदर्भ पहिला. दस्तगीर बाबालाल शिकलगार, मिरज. आठ वर्षं. काही सांगितलं नाही.”

कानस थांबली. इनायानं फळीवरच्या त्यांच्या बोटांकडे पाहिलं, सुनेत्राबाईंनीही पाहिलं. बोटं थोडा वेळ तशीच राहिली. मग अब्बाजींनी घोडीवरचा भुसा फुंकरीनं उडवला, कानस उचलली आणि पुन्हा घासायला लागले.